सोळाव्या वर्षाचे तास

काम हाच देव, ही श्रद्धा दक्षिण महाराष्ट्रात कोण्या एका संप्रदायाची नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले गारगोटी आणि भोवतालचा भुदरगड तालुका पाहिला तर ती तीन वाटांनी येऊन मिळालेली दिसते. वारकरी संतांनी मळ्यात, कुंभाराच्या चाकापाशी आणि जात्यावर विठ्ठल पाहिला. बसवण्णांच्या शरणांनी बाराव्या शतकात कायकाला, म्हणजे प्रामाणिक श्रमाच्या उपजीविकेला, साधनेचा दर्जा दिला आणि सीमेलगतच्या लिंगायत घरांत तो विचार अजून जिवंत आहे. आदमापूरच्या बाळूमामांनी (1892-1966) मेंढरांमागे चालत आयुष्य काढले. त्यांची बकरी आजही भक्तांच्या शिवारांतून फिरतात. अशा मुलखात सोळा वर्षांचा पोरगा गॅरेजमध्ये, हॉटेलात, किराणा दुकानात किंवा लग्नाच्या वाढप्यांत दहा-बारा तास राबत असेल तर त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. पोरगं कष्टाळू आहे, वळण लागलंय, असे कौतुकच होते. आणि इथेच कायदा येऊन सांगतो की या पोराने सहा तासांपलीकडे थांबायचे नाही. मग मनात प्रश्न येतो: श्रम पवित्र असतील तर त्यांना तासांची मर्यादा कशाला? किशोरवयीन मजुरीवर होणारी बहुतेक भाषणे हा प्रश्न टाळून पुढे जातात, म्हणून ती लोकांच्या मनाला लागत नाहीत. लोकांचा खरा आक्षेप धर्माचा असतो आणि त्याला उत्तर कलमांचे दिले जाते. माझे म्हणणे असे आहे की ही मर्यादा आपल्या परंपरेच्या आतूनच निघते. जे अर्पण करायचे ते आधी आपले असावे लागते, आणि सोळाव्या वर्षीचा वेळ त्या पोराच्या हाती राहिला तरच पुढे त्याचे काम पूजा होऊ शकते.

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू, कारण त्याविषयी दोन टोकांचे समज आहेत. एक समज असा की अठरा वर्षांखालच्या कोणालाच कामावर ठेवता येत नाही. दुसरा असा की चौदा पूर्ण झाली की सगळे मोकळे. दोन्ही चूक. 1986 चा बालमजुरी कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला आणि त्याच्या नावातच बालकांबरोबर किशोर आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली. अपवाद दोनच, शाळेची वेळ सांभाळून घरच्या बिनधोक्याच्या व्यवसायात मदत आणि मनोरंजनाच्या क्षेत्रातले कलाकाराचे काम. चौदा ते अठरा या वयात खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया पूर्ण बंद. बाकीच्या कामांना परवानगी आहे, पण मोजून. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही. जादा काम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. आस्थापना म्हणजे काय याच्या व्याख्येत दुकान, कार्यशाळा, खाणावळ यांच्याबरोबर शेतही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

हा कायदा कडक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एक साधा हिशेब मांडून पाहावा. नेहमीची शाळा साधारण 11 ते 5. सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या खिडकीतून ते तास वजा केले, जाण्यायेण्याचा थोडा वेळ सोडला, तर शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती कामासाठी जेमतेम चार तास उरतात, आणि त्यातच जेवण, अभ्यास, खेळ. म्हणजे शाळेच्या दिवसांत जो मुलगा कायद्याने दिलेले सहा तास पुरेपूर वापरतो, त्याची नेहमीच्या वेळेची शाळा सुटलेलीच असते. शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा या वयापुरता. ज्या वर्षी शाळेचा हक्क संपतो त्याच वर्षी मजुरीची परवानगी सुरू होते. माझ्या मते कायद्याची उणीव इथे आहे. तो फार मागतो ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही.

आता धर्माकडे येतो. कामाला माप असावे ही कल्पना आपल्याला परकी आहे का? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो हे सांगताना आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण या सगळ्यांत प्रमाण राखणाऱ्याचे नाव घेतले आहे. अति खाणाऱ्याला योग नाही, तसा उपाशी राहणाऱ्यालाही नाही; अति झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्ञानेश्वरांनी त्या श्लोकांवर लिहिताना मोजून घेण्याचीच भाषा वापरली आहे. कर्मयोगाचे नाव घेऊन पोराला रात्री अकरापर्यंत थांबवणाऱ्याने कर्माचा हा अध्याय सोयीने सोडून दिलेला असतो. आणि ग्रंथ बाजूला ठेवले तरी शेतकऱ्याचा आचार बोलतो. बेंदराच्या सणाला बैलाच्या मानेवर जू चढत नाही. आदल्या दिवशी हळद-तेलाने खांदेमळण होते. कित्येक गावांत अमावस्येला औत जुंपत नाहीत, कुठे सोमवारी जुंपत नाहीत. खोंड दोन दाती झाले की त्याला हलक्या कामाची सवय लावतात, पण दात जुळल्याशिवाय जड नांगराला धरत नाहीत, कारण कोवळ्या मानेला जू लवकर बसले तर खांदा कायमचा अधू होतो. जनावराच्या बाबतीत हा धर्म आपण कोणत्याही निरीक्षकाच्या धाकाशिवाय पाळत आलो आहोत. वय पाहून ओझे ठरवणे, वार पाहून विसावा देणे, हे या मातीतल्या धर्माचे अंग आहे. तेच माणसाच्या पोराला लागू करायला आपण बाहेरून आलेली गोष्ट का मानावी?

यापेक्षा खोल साक्ष संतचरित्रांत आहे. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरची दासी म्हणून वाढली. आजच्या भाषेत ती घरकाम करणारी मुलगी होती. परंपरेने तिच्याविषयी काय सांगितले ते नीट पाहण्यासारखे आहे. विठ्ठलाने तिला दळण हीच तुझी भक्ती, म्हणून आणखी दळ, असे सांगितल्याची कथा नाही. तो येऊन जात्याचा खुंटा धरतो, तिच्याबरोबर गोवऱ्या वेचतो, तिच्या वाट्याचे काम हलके करतो. तिच्या अभंगांतली भक्ती जात्याच्या पाळीबरोबर आली हे खरे, पण त्या कथेतला देव ओझे उचलणाऱ्याच्या बाजूला बसलेला आहे, ओझे देणाऱ्याच्या नाही. बाळूमामांच्या सांगितल्या जाणाऱ्या चरित्रातही अक्कोळला एका व्यापाऱ्याच्या घरी लहानपणी केलेल्या चाकरीचा भाग आहे. ज्या चाकर पोराला तेव्हाच्या जगाने गडी म्हणून पाहिले त्याच्या समाधीपुढे आज दोन राज्यांतले लोक अमावस्येला रांगा लावतात. या भक्तीचा काही अर्थ असेल तर प्रत्येक चाकर पोराकडे पाहण्याची आपली नजर बदलली पाहिजे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर याहून कठोर आहे. नामात दंग होऊन चिखल तुडवताना त्यांचे स्वतःचे मूल पायाखाली आले. परंपरेने ही गोष्ट लपवली नाही, कीर्तनातून गावोगाव सांगितली. काम आणि भक्ती एकरूप झाली तरी पायाखाली कोण आहे हे न पाहिल्यास काय होते, याची ती आठवण आहे. कथेत विठ्ठलाने मूल परत दिले. गॅरेजात आणि हॉटेलात गेलेली नववी-दहावीची वर्षे परत देण्याची सोय कोणापाशी नाही.

इथे निष्काम कर्माचा आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. फळाची आशा न धरता काम करावे, तास मोजू नयेत, मोबदला मोजू नये, हीच शिकवण ना? शिकवण खरी आहे. पण ती कोणाला उद्देशून आहे? गीतेत ती कर्त्याला सांगितली आहे, अर्जुनाला, ज्याच्या हातात धनुष्य खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य होते आणि ज्याने ते ठेवलेही होते. शेवटी तर सगळे ऐकून झाल्यावर तुला वाटेल तसे कर, असे त्याला सांगितले जाते. फळाचा त्याग स्वतः करायचा असतो. दुसऱ्याच्या फळाचा त्याग आपण करून टाकायचा आणि ते फळ आपल्या गल्ल्यात घालायचे, याला कोणत्याही भाष्यकाराने निष्काम कर्म म्हटलेले नाही. मालक जेव्हा हाताखालच्या पोराला निष्कामतेचा उपदेश करतो तेव्हा त्या उपदेशात त्याचा स्वतःचा काम दडलेला असतो. शरणांच्या विचारातही कायकाबरोबर दासोह येतो: कमावलेल्यातून समाजाला देणे. आधी कमाई स्वतःची, मग देणे. ज्याच्या वेळेवर त्याचा हक्क नाही त्याच्या श्रमाला कायक म्हणणे म्हणजे शरणांचा शब्द उसना घेऊन त्यांचा अर्थ टाकून देणे.

पण मुलगा राजी असतो, स्वतःहून थांबतो, त्याचे काय? 1872 च्या करार कायद्याने अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार बांधील मानला जात नाही. हा पोरगा एक गुंठा जमीन विकू शकत नाही, कर्जाच्या कागदावर सही करू शकत नाही, मतदान करू शकत नाही. या सगळ्या बाबतींत समाज म्हणतो की त्याला अजून पुढचे दिसत नाही. मग आयुष्यातली परत न येणारी वर्षे रोज बारा तासांच्या हिशेबाने देऊन टाकण्याच्या बाबतीतच त्याचा होकार पुरेसा कसा ठरतो? शिवाय त्या होकारामागे बापाने घेतलेली उचल, आईचे आजारपण, मालकाशी असलेले भावकीचे नाते यांचा किती दाब असतो हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. तो दाब समजून घेऊनच मर्यादा कायद्याने घालावी लागते. मुलाच्या इच्छेवर सोडली तर ती मालकाच्या इच्छेवर सोडल्यासारखी होते.

आता या प्रश्नाचा इतिहासाशी जोडलेला भाग, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. किशोरवय हे शिकण्याचे वय आहे, त्यात पोटाच्या उद्योगाला जुंपू नये, हा शोध आधुनिक राज्याचा नाही. ब्रह्मचर्याश्रम म्हणजे दुसरे काय होते? मनुस्मृतीने आठव्या, अकराव्या, बाराव्या वर्षी उपनयन सांगितले आणि पुढची वर्षे अध्ययनासाठी राखली. त्या विद्यार्थ्याचे पोट समाजाने भिक्षेतून भरायचे होते. म्हणजे परंपरेला नेमके ठाऊक होते की या वयातला वेळ राखून ठेवावा लागतो आणि त्याचा खर्च बाकीच्यांनी सोसावा लागतो. दोष असा की हा वेळ तिने मूठभर मुलग्यांना दिला. शूद्राच्या पोराला आणि कोणत्याही घरातल्या मुलीला तो नव्हता. त्यांच्या वाट्याला सेवा आली. कोल्हापूरने हा वाद केवळ पुस्तकात वाचलेला नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेदोक्त प्रकरण इथेच पेटले आणि धर्मविधीचा अधिकार कोणाला, या प्रश्नाने संस्थान ढवळून निघाले. शाहू महाराजांची थोरवी अशी की ते मंत्रांच्या अधिकारापाशी थांबले नाहीत. 1917 मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. तेव्हा संस्थानात असलेला भुदरगड त्या आज्ञेखाली आला. त्याआधी 35 वर्षे, 1882 मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती. ती मागणी कोणत्या काळात केली हे पाहा. त्याच्या आदल्या वर्षी, 1881 मध्ये, हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा आला होता आणि त्याने सात वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास गिरणीत राबवण्यास मुभा दिली होती. 1891 मध्ये वय नऊ झाले आणि तास सात. 1922 मध्ये वय बारा, तास सहा. 1934 मध्ये किशोर हा वेगळा वर्ग कायद्यात आला. 1948 च्या कायद्याने कारखान्यात चौदाखाली पूर्ण बंदी आणि चौदा ते पंधरा वयाला साडेचार तास ठरवले. या आकड्यांकडे मी ब्रह्मचर्याश्रम हळूहळू सर्वांच्या दारी येत गेल्याची नोंद म्हणून पाहतो. धर्माने जे थोड्यांसाठी राखले होते ते कायद्याने सगळ्यांसाठी मागितले.

विसाव्याचेही तसेच. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि सूर्यास्तापूर्वी काम बंद करण्याची मागणी पुढे ठेवली, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो दिवस कामगाराला हवा, हे कारण त्या लढ्याच्या आठवणींत आजही सांगितले जाते. विसाव्याचा हक्क आपल्याकडे देवाच्या वाराचे बोट धरून आला, हे विसरू नये.

सगळ्यांत जड आक्षेप गरिबीचा आहे. घरात चूल पेटायची तर पोराची मजुरी लागते. कायदा तास कमी करतो आणि घास काढून घेतो. या आक्षेपातले दुःख खरे आहे, पण त्यातला हिशेब अपुरा आहे. किशोर कामावर ठेवला जातो तो स्वस्त पडतो, उलटून बोलत नाही आणि वेळेचे विचारत नाही म्हणून. बारा तास थांबणारा पोरगा हाताशी असताना मोठ्या माणसाला आठ तासांची पुरेशी मजुरी कोण देईल? पोराच्या लांबलेल्या तासांनी बापाचीच मजुरी खाली येते. सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 1996 रोजी शिवकाशीच्या मुलांसंबंधीच्या मेहता खटल्यात हा गुंता ओळखला होता. धोकादायक कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने 20,000 रुपये भरावेत आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाला काम मिळावे, असा निर्णय दिला. बिनधोक्याच्या कामातल्या मुलांसाठी चार ते सहा तासांची मर्यादा आणि रोज किमान दोन तास शिक्षण, तेही मालकाच्या खर्चाने, असे सांगितले. भिक्षेवर वाढणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याचा खर्च समाजाने सोसावा हा जो नियम होता, त्याचेच हे आजचे रूप आहे. त्या निर्णयाची अंमलबजावणी मनापासून झाली असती तर गरिबीच्या आक्षेपाला आज इतकी धार राहिली नसती.

तरीही गरिबाच्या पोराला काम पूर्ण सोडा असे सांगून भागत नाही, आणि हे गारगोटीला इतरांपेक्षा आधी समजले असले पाहिजे. जे. पी. नाईक हे शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाने गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे राहिले ते त्यांच्या दृष्टीतून, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. शाळेने एकच वेळ, एकच दरवाजा आणि एकच वय धरून बसू नये. ज्या मुलांना राबावे लागते त्यांच्यासाठी अर्धवेळ शिक्षणाची सोय हवी, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. त्या आयोगाच्या अहवालात कार्यानुभव शिक्षणाचा भाग म्हणून आला. मला यातून निघणारा निष्कर्ष असा दिसतो: पोराच्या तासांना मर्यादा घालणे हे काम अर्धे आहे, उरलेल्या तासांत त्याला शिरता येईल अशी शाळा हे दुसरे अर्धे. गारगोटीसारख्या शिक्षणकेंद्रात सकाळचे किंवा संध्याकाळचे वर्ग चौदा ते अठरा वयाच्या कामकरी मुलांसाठी चालवणे ही नाईकांच्या विचाराची सरळ पुढची पायरी ठरेल.

काही जण कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतात. कमवा आणि शिका, ही तर रयत शिक्षण संस्थेची ओळख. मग पोराने कमावले तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. पण त्या योजनेत कमाई शिक्षणासाठी होती, काम वसतिगृहाच्या दिनक्रमात बसवलेले होते, आणि श्रमाचा लाभ शिकणाऱ्यालाच मिळत होता. शिक्षणाच्या वेळेला हात न लावता उरलेल्या वेळेत केलेले श्रम, असा तो क्रम आहे. गांधीजींच्या 1937 च्या वर्धा योजनेवर के. टी. शहांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्याच वेळी आक्षेप घेतला होता की मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळा चालवायची ठरवली तर शाळेचाच कारखाना होईल. ती शंका रास्त होती. मुलाचे श्रम कोणाच्या तरी खर्चाचा आधार झाले की शिकणे मागे पडते, मग हेतू कितीही उदात्त असो. पोरगं रिकामं राहिलं तर मोबाइलात डोकं घालून बसेल, हा आणखी एक आजचा आक्षेप. चार तास काम, पाच-सहा तास शाळा आणि आठ तास झोप असलेल्या मुलाला रिकामे म्हणता येत नाही. आणि मुलाला वळण लावण्याचे काम आईबापांचे, शिक्षकांचे आणि तालमीतल्या वस्तादाचे आहे. ते हॉटेलमालकाच्या अंगावर टाकणे ही जबाबदारीतून सुटका आहे.

शेतीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. मातीत हात घातल्याशिवाय शेती येत नाही. बापाबरोबर भात लावणीला उतरणे, गुऱ्हाळावर गुळव्याच्या हाताखाली काहिलीकडे पाहणे, यातून विद्याच मिळते. घरच्या उद्योगातली मदत कायद्यानेही मान्य केली. पण त्या कायद्यात कुटुंब म्हणजे आईवडील आणि भावंडांपुरते नाही. काका, मामा, आत्या, मावशी सगळे येतात, आणि इतक्या रुंद दारातून मजुरी मदतीचे नाव घेऊन आत येते. ऊसतोडीत तर हे फार स्पष्ट दिसते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून टोळ्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या फडात उतरतात. मजुरी टनावर, आणि हिशेबाचे एकक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी. पंधरा वर्षांची मुलगी मोळ्या बांधते, भावंडे सांभाळते, रात्री-अपरात्री गाडी लागली की भरायला उठते. तिचे तास कोणत्याच वहीत नाहीत, कारण ते आईबापांच्या टनात मिसळून गेलेले असतात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे यावरचे प्रामाणिक प्रयत्न होते आणि आहेत, पण चौदा ओलांडलेल्या मुलीकडे त्यांचेही लक्ष कमीच जाते. मदत आणि मजुरी यांतला फरक ओळखायला एक कसोटी पुरते: काम कधी थांबवायचे हे मुलाची उद्याची शाळा ठरवते की कामाचा बोजा? भाताचा तरवा राहिला तरी परीक्षेला जा, असे जो बाप म्हणतो त्याच्या शेतात मूल शिकत असते. जिथे हे म्हणण्याची सोयच नाही तिथे दोष त्या बापाचा नाही; उचल देणाऱ्या व्यवस्थेचा आहे आणि टनाचा दर ठरवणाऱ्यांनी तो आपल्या अंगावर घेतला पाहिजे.

शेवटचा आक्षेप थकलेल्या माणसाचा असतो: कायदा कागदावर आहे, तपासायला कोण येते? हे बहुतांशी खरे आहे. आणि पुढचे दिवस अधिक कठीण दिसतात. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर नेण्यास मान्यता दिली. तो नियम प्रौढांचा, हे मान्य. पण ज्या छोट्या शेडमध्ये मोठा माणूस बारा तास थांबणार तिथला हाताखालचा पोरगा सहा तासांनी घरी जाईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणूनच हा प्रश्न मी धर्माचा म्हणून मांडतो आहे. निरीक्षक येत नाही तिथे आचाराला धरून ठेवणारे काहीतरी लागते. बेंदराच्या दिवशी औत न जुंपणाऱ्या शेतकऱ्याकडे कोणी तपासायला येत नाही. तो जुंपत नाही, कारण त्या दिवशी जुंपणे त्याला पाप वाटते. किशोर मुलाला रात्री नऊ वाजता कपबशा विसळायला लावणे आपल्याला तसेच वाटू लागले पाहिजे. आणि याची सुरुवात देवाच्या दारातच करता येईल. अमावस्येला बैलाला विसावा असतो, पण त्याच दिवशी जत्रेच्या ठिकाणी, मग ती कुठलीही असो, चहाच्या गाड्यावर, खेळण्यांच्या स्टॉलवर, पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्यांत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उभी असलेली पोरे दिसतात.

म्हणून भुदरगड तालुक्यातल्या आणि एकूणच जिल्ह्यातल्या देवस्थान समित्यांना, यात्रा समित्यांना आणि ग्रामसभांना माझी विनंती आहे. जत्रेत जागा देताना स्टॉलधारकाच्या करारात दोन ओळी घाला: चौदा वर्षांखालचे मूल कामावर असणार नाही, आणि अठरा वर्षांखालचा कोणी संध्याकाळी 7 नंतर कामावर थांबणार नाही. ज्याला हे मान्य नाही त्याला जागा देऊ नका. या ओळींसाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. आणि वाचकांपैकी ज्यांच्या दुकानात, हॉटेलात, गॅरेजात असा एखादा पोरगा किंवा पोरगी आहे, त्यांनी आज संध्याकाळी सातला तिला किंवा त्याला घरी जाऊ द्यावे, आणि महिन्याचा पगार त्यासाठी कापू नये. कुठे मूल अडकवून ठेवलेले, त्याची मजुरी दाबून ठेवलेली दिसली तर 1098 हा क्रमांक आहे. तो फिरवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.